आईच्या डोक्यावरचा हात

३ फेब्रुवारी, मंगळवार

धर्मामामाने पाहिलं. झालं!

सेंटरच्या बाकावर बसलो होतो. गोळीचा चुरा जिभेखाली, तोंड बंद. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, उठायचं नाही. स्मिता सिस्टर समोर बसून लक्ष ठेवते. मामा वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यात कुणाला तरी बघायला आला होता. ‘काय रं कुंदन, तू हितं?’ मी मुक्यासारखा बघत राहिलो. मग त्याने भिंतीवरचा बोर्ड वाचला. व्यसनमुक्ती. एकदा बोर्डाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि निघून गेला.

आईला वाटतंय की मी नुसत्या मनाच्या जोरावर गर्द सोडली. मार्केटमधल्या बायकांना ती तसंच सांगते, आणि मी सांगू देतो. आयुष्यात एक शाबासकी मिळाली, तीही उसनी!

४ फेब्रुवारी

मामा सकाळीच हजर. ‘ताय, तुज्या पोरानी कायपन सोडलं नाय. पुडी गेली नि गोली आली. नशा ती नशाच!’

मी समजवायला गेलो. म्हटलं, गोळीने टर्की येत नाही. टर्की म्हणजे माल नसला की हाडं मोडल्यासारखी दुखतात, नाक-डोळे गळतात, पोट ढवळून निघतं, ते. गोळी घेतली की अंग शांत असतं, टेम्पो चालवता येतो, जेवण जातं. डॉक्टर पुढे हळूहळू कमी करतील.

मामा म्हणाला, ‘मंग आट दिस ना खाता ऱ्हाऊन दाखव.’

तो स्वतः रोज शुगरची गोळी खातो, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. नेहमीचंच, वरातीमागून घोडं.

आई मासळी साफ करत होती. हात धुतले, माझ्यासमोर येऊन बसली. ‘माज्या डोक्यावर हात ठेव. बोल, नशेची कंचीच वस्तू तोंडात घालनार नाय. पुडी नाय नि ही गोलीपन नाय. घातली तं माजं मेलेलं तोंड बगशील.’

ठेवला. बोललो. तिचे केस ओले होते.

५ फेब्रुवारी

सेंटरला गेलो नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

बासितचा फोन. तो कोपरखैरण्याला रिक्षा चालवतो, माझ्याच बरोबर गोळीवर आला. त्याला शपथेचं सांगितलं तर हसायला लागला. ‘अरे, मी अम्मीला सांगितलंय बीपीची गोळी आहे. मी विसरलो तर तीच ओरडते!’ मग हसणं थांबवून म्हणाला, ‘कुंदन, ये रे. टेन्शन येतं मला तुझं.’

सकाळपासून जांभया येतायत. पाय एका जागी राहत नाहीत. आईला सांगितलं, सर्दी झालीय.

९ फेब्रुवारी

ओढली. खाडीच्या वाटेवर, चांदीच्या पन्नीवर. जुन्या जागी, जुन्या माणसाकडून.

माझा शहाणपणा बघा! आईला काही होऊ नये म्हणून गोळी सोडली, आणि गोळी सोडली म्हणून गर्द ओढली. शपथ तर दोन्हींची होती!

घरी आलो तेव्हा ती दुपारची लवंडली होती. दारातूनच बघत राहिलो, छाती वर-खाली होतेय का. होत होती. डोळे उघडून म्हणाली, ‘जेवलास काय?’ मी जेवलो म्हणालो. तिच्याकडे बघवेना. आत जाऊन तोंड धूत बसलो, उगाचच.

१४ फेब्रुवारी

आईची पाटी मार्केटला पोचवली. मी आलो तशा बायका बोलायच्या थांबल्या. शेजारच्या काकीने बटवा मांडीखाली सरकवला. आईने ते पाहिलं. पाहिलं, आणि स्वतःचा बटवाच उचलून माझ्या हातात दिला, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने. ‘जा, बरफ घेऊन ये.’

बर्फ आणला. बटव्यातली एक नोट माझ्याकडे राहिली.

हे लिहून मी आता तोंड कुठे लपवू? वहीसमोरही बसवत नाही.

१८ फेब्रुवारी

आई मार्केटमध्ये चक्कर येऊन पडली. ॲडमिट केलंय. मागे शिंगाळा माशाचा काटा पायात घुसला होता, तिने हळद लावून सोडून दिलं. वर शुगर. पाय काळा पडलाय. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?

घरात कोण असतं? मी.

डॉक्टर काटा म्हणतात, शुगर म्हणतात. मला माहीत आहे कशाने झालं ते. त्या डोक्यावर माझाच हात होता.

२० फेब्रुवारी

बासित हॉस्पिटलात आला. आईसाठी मोसंबी घेऊन. बाहेर आल्यावर त्याने माझे डोळे बघितले. ‘ओढतोयस?’ मान हलवली. ‘म्हणजे शपथ मोडलीच आहेस ना? मग निदान कामाच्या गोष्टीने तरी मोड, भावा!’ रिक्षात घालून सेंटरला घेऊन गेला.

स्मिता सिस्टरने विचारलं, ‘शेवटचं कधी ओढलंत? खरं सांगा. अंगात माल असताना गोळी दिली तर ती उलटेल, टर्कीपेक्षा वाईट हाल होतील.’ म्हणालो, आज सकाळी. ‘मग आज नाही देता येणार. पुडीला हात लावू नका. टर्की चांगली चढली की या. मी असते इथे.’

एक शब्द रागाचा नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

पण जाऊ कसा? लपून गर्द ओढली, तो पाय घसरला म्हणता येईल. सरळ चालत जाऊन जिभेखाली गोळी ठेवायची म्हणजे उघड्या डोळ्यांनी आईला मारायचं. आणि ती तिकडे सलाइन लावून पडलीय.

२१ फेब्रुवारी

टर्की चढली. सेंटरला निघालो, आणि हॉस्पिटलच्या संडासातच ओढली. तिच्या वॉर्डाच्या संडासात!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पाय वाचला. एक बोट कापावं लागलं. काल ऑपरेशनच्या आधीपासून मी ओढलेली नाही. देवाला काही बोललो नाही, बोलायला तोंडच नाही. रात्रभर तिच्या खाटेखाली पाय आखडून पडलो होतो. आता अंगावर काटा, नाक गळतंय, आतडी पिळवटतायत. मामा डबा घेऊन आला, माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तापबीप हाय काय रं?’ हो म्हणालो.

खाली उतरलो की पुडी अर्ध्या तासात मिळेल. सेंटरही तेवढंच लांब आहे. दोन्हीकडे जायची हिंमत नाही, म्हणून इथेच बसलोय.

२५ फेब्रुवारी

सकाळी आई जागी झाली. माझा हात धरला, मामासमोरच बोलली. जसं बोलली तसं लिहितो.

‘खाडीवरशी आलास ना, त्या दुपारी? तुजं डोलं बगून तवाच कललं मना. शपत तवाच मोडलीस तू. मंग मी मेली काय? बोट गेलं ते शिंगाल्यानी गेलं. ऊठ. धर्मा, याला गोलीवर घेऊन जा.’