खटका लागला

२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

नोकरी अजून टिकली आहे, आणि आपली टिकली कशी आहे? भाचीच्या नावावर विनोद केला म्हणून रागावू नकोस, बऱ्याच दिवसांत सुचलेला हा एकच आहे.

काम काय आहे ते तू विचारलंस. पार्कात गोल झोके आहेत. मधे उंच खांब, वरून साखळ्यांना टांगलेल्या दोन-दोन माणसांच्या खुर्च्या. बटण दाबलं की सगळं गरगरत वर जातं. माणसं बसली की मी त्यांच्यापुढचा लोखंडी दांडा खाली ओढायचा, कडेचा खटका लागला का ते बघायचं आणि पुढच्या खुर्चीकडे सरकायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? पण चार खुर्च्या नीट होतात, पाचवीतल्या माणसाच्या टोपीवर एक चित्र असतं, तसलं चित्र आपल्या शाळेच्या फाटकावर होतं, त्या फाटकाला गंज… आणि मी भानावर येतो तेव्हा आठवीपाशी उभा असतो. मधल्यांचं काय केलं ते देवाला ठाऊक. मग सगळ्या पुन्हा तपासायच्या. रांगेतली माणसं शिव्या घालतात. साहेबांनी सांगितलंय की हात भराभर चालवला नाहीस तर महिनाअखेर घरी बस.

ताई, किराणा दुकानात लक्ष उडालं तेव्हा साखरेच्या पुडीत मीठ गेलं. इथे लक्ष उडालं तर माणूस उडेल. हसू नकोस, मला खरोखर भीती वाटते. माझ्यामागून एक काका येतात आणि सगळे दांडे पुन्हा ओढून बघतात. आम्ही त्यांना सासूबाई म्हणतो. ते आहेत म्हणून मला जेवण जातं. काहीतरी उपाय सांग.

भावोजींना नमस्कार. माझं लक्ष उडालं तरी तुझा लोभ उडू देऊ नकोस.

तुझा,
भिरभिरं


५ फेब्रुवारी

चि. भिरभिऱ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. गणवेशांचा हंगाम आहे, दिवसभर काजं करून बोटं वाकडी व्हायची वेळ आलीय. पण उपाय नेमका इथेच सापडला बघ. माझंही मन पळतं. घरात दूध उतू जातंय का, टिकलीनं डबा खाल्ला का, असं सतरा ठिकाणी. म्हणून मी प्रत्येक काजाला तोंडानं ‘झालं’ म्हणते. हात काम करतो, तोंड साक्ष देतं, आणि पळालेलं मन आपलाच आवाज ऐकून माघारी येतं. शेजारच्या बायका मला खुळी समजतात, पण माझा एकही शर्ट परत येत नाही.

तू दांडा ओढलास की मोठ्यानं ‘लागला’ म्हण. लाजू नकोस. आणि तो फोन बंद करून पेटीत टाक, फक्त सोमवारी सुट्टीला काढ. तुझं अर्धं लक्ष तोच खातो. काही सांगायचं असेल तर पत्र लिही. लिहायला बसलास की तेवढा वेळ तरी एका जागी राहशील.

मीठ घातलेला चहा गिऱ्हाइकानं मुकाट प्यायला होता, हे तू विसरलास वाटतं. सगळं निभावतं रे. उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

तब्येत सांभाळ आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पाय कुठे आहेत? धरायचे आहेत! उपाय जादूसारखा लागू पडला. पहिले दोन दिवस पोरं माझी नक्कल करायची, सबंध रांग ‘लागला, लागला’ ओरडायची. आता मलाच चाल सापडलीय. ओढ, लागला, पाऊल. ओढ, लागला, पाऊल. मन कुठेही जाईना का, काम होत राहतं. फेऱ्या जवळजवळ दुप्पट झाल्या. ज्या साहेबांना माझं तोंड बघवत नव्हतं त्यांनी काल सगळ्यांसमोर पाठ थोपटली, आणि म्हणाले की आता या झोक्यांवर दुसऱ्या माणसाची गरजच काय. पुढच्या आठवड्यापासून सासूबाईंची तिकीट खिडकीवर बदली. काल घरी जाताना ते मला म्हणाले की घाई करू नकोस. साहेब म्हणाले की म्हातारपणी माणूस असं बोलतोच.

एक गंमत सांगतो. परवा खानावळीत खुर्ची पुढे ओढली आणि तोंडातून गेलं, लागला! सगळे हसले. खोलीचं दार लोटताना, नळ बंद करतानाही येतं.

आज सकाळचं मात्र तितकंसं गमतीचं नाही. मी ‘लागला’ म्हणालो आणि खाली बघितलं तर माझा हात खिशात होता. दांडा वरच होता. लगेच ओढला, काही झालं नाही. ताई, तुझ्या काजांचं कधी असं होतं का? नक्की कळव, मी वाट बघतोय.

भावोजींना नमस्कार. तुझा आशीर्वाद असाच डोक्यावर असू दे.

तुझा,
भिरभिरं


१८ फेब्रुवारी

चि. भिरभिऱ्यास,
अ. उ. आ.

तुझी पाठ थोपटली गेली हे वाचून मी इथे सगळ्यांना सांगत सुटले. ह्यांनासुद्धा. ते नेहमी म्हणायचे ना, की तुझा भाऊ कुठेच टिकायचा नाही? आता मान खाली घालून जेवतायत.

हात खिशात राहिला त्याचं मनावर घेऊ नकोस. सवय झाली की तोंड थोडं पुढे पळतंच. माझंही कधी होतं, मग मी एखादं काज उसवून पुन्हा करते, त्यात काय एवढं? तुझा स्वभावच असा, चांगलं चाललं की खोट काढत बसायचं. आता खोदू नकोस.

खरी बातमी पुढेच आहे. गुरुवारी टिकलीच्या शाळेची सहल तुमच्या पार्कात येतेय! पोरगी आठवडाभर जमिनीवर नाही. वर्गात सांगून आलीय की झोके माझ्या मामाचेच आहेत. तिला दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस, तू स्वतः बसव. मग मला काळजी नाही.

तुझ्या यशाला दृष्ट न लागो, आणि आमची आठवण असो.

तुझी,
ताई


२३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आजच आलेली टिकली आजच परत गेली, सगळं रिकामं झाल्यासारखं वाटतंय. किती उंच झाली गं! टिकली अगदी मजेत होती. तिला मी माझ्या हातानं बसवलं, शेजारी तिच्याहून लहान एक मुलगी दिली. बाकीच्या पोरी वर गेल्यावर किंचाळत होत्या, पण आपली टिकली हूं की चूं नाही. दांडा घट्ट धरून समोर बघत बसली होती. शूर आहे. उतरल्यावर जरा गप्प होती, चक्कर आली असावी. मी विचारलं तर मान हलवली आणि बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. टिकली अगदी मजेत होती.

हात खिशात राहण्याचं तुझ्या सांगण्यावरून सोडून दिलं. आता तसं काही होत नाही. म्हणजे झालं तरी मला कळत नाही, आणि डोकं शांत राहतं. रविवारी मोठी गर्दी आहे. साहेबांनी सकाळपासून फेऱ्या वाढवल्यात, आणि मी एकटाच आहे. भरवसा ठेवलाय तर निभावून दाखवतो.

भावोजींना नमस्कार. तुझ्या मनातली माझी जागा पक्की असू दे.

तुझा,
भिरभिरं


२५ फेब्रुवारी

चि. भिरभिऱ्यास,

आधी झोके थांबव. लोकांना उतरव. मग पुढचं वाच.

दुपारपासून तुझा फोन लावतेय. तो पेटीत आहे, आणि तो तिथे मीच ठेवायला लावला. ऑफिसात केला तर तिथल्या बाई हसून म्हणाल्या की काळजी कसली करता, तुमचे भाऊ आमचे सगळ्यात भरवशाचे, आणि कामाच्या वेळी निरोप देता येत नाही. म्हणून तुझे भावोजी हे पत्र घेऊन पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघतायत. तोंडी सांगताना ते भडकतील आणि तू गोंधळशील, म्हणून लिहून देतेय. मी येऊ शकत नाही, पोरगी मला सोडत नाही.

तुझं पत्र आज आलं. ‘टिकली अगदी मजेत होती’ हे वाक्य तू दोनदा लिहिलंयस. मी ते वाचलं आणि टिकलीला हाक मारली. सहलीवरून आल्यापासून ती मुठी मिटून फिरत होती, जेवताना घास धरवत नव्हता. आज धरून बसवलं आणि मुठी उघडल्या. दोन्ही तळव्यांना फोड आलेत रे. दांड्याची रेघ उमटलीय.

मग तिनं सगळं सांगितलं. म्हणाली की मामा आला, माझ्याकडे बघून हसला, ‘लागला’ म्हणाला आणि पुढे गेला. दांडा हलत होता. झोके वर गेल्यावर तो उघडायला लागला, म्हणून तिनं तो पोटाशी ओढून धरला. शेजारची मुलगी रडायला लागली तेव्हा तिला पायांनी अडवून ठेवलं. खाली येईपर्यंत.

तू मला विचारलं होतंस. हात खिशात राहिला हे लिहून विचारलं होतंस, आणि मी तुला गप्प केलं. त्याचं आपण नंतर बघू. पण ती उतरल्यावर त्या खुर्चीत कुणीतरी बसलं असेल, आणि त्यांच्यानंतर आणखी कुणी. शुक्रवारी, शनिवारी. सगळ्यांना टिकलीसारखं धरता येत नाही. नोकरी जाऊ दे. साहेबांना खरं काय ते सांग आणि माझ्याकडे निघून ये.

मी तिला विचारलं, तिथल्या तिथे का नाही सांगितलंस? मला वाटलं होतं की तुला ओरडा बसेल म्हणून गप्प राहिली असेल. तसं नव्हतं. ती म्हणाली की मामा लागला म्हणाला म्हणजे लागलाच असणार, मलाच नीट बसता आलं नसेल.

माझा तुझ्यावरचा जीव होता तिथेच आहे. एवढं वाचलंस ना, आता बटणापाशी कुणाला जाऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई