उलटं चालणारा गाइड

२ मे
सीझन सुरू. ताल्लिनच्या जुन्या शहरात गाइड ढीगभर, पण उलटा चालणारा मी एकटा. तोंड पाहुण्यांकडे, पाठ रस्त्याकडे, बावीस वर्षं. पावलं पाठ आहेत. चौकापासून औषधाच्या जुन्या दुकानापर्यंत एकेचाळीस. डोळ्यांचं कामच काय?
तरी संकल्प: काचबिंदूचे थेंब रोज. मायमूवर चिडायचं नाही. बायको आहे शेवटी.

१९ मे
थेंब चुरचुरतात, डोळ्यांतून पाणी येतं. पाहुण्यांना वाटतं, गाइड इतिहासाने गहिवरला. काल एका बाईने रुमाल दिला. शोभत नाही. थेंब फक्त सुट्टीच्या दिवशी.
सीझनमध्ये सुट्टी नसते. असो.

६ जून
लोकांना शिस्त राहिली नाही. बाजूने अचानक उगवतात. आज एक सायकलवाला, एक बाबागाडी आणि एक खांब. खांब नवीन दिसतोय. मायमू म्हणाली, तो आपल्या लग्नाआधीपासून तिथेच आहे, निदान सॉरी म्हणालास का त्याला? चिडलो नाही. ती लास्नामॅएच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत वाढली, तिला जुन्या शहरातलं काय कळणार.

२६ जून
मायमूने धरून डॉक्टरकडे नेलं. यंत्रात डोकं घालायचं, दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी फार कमी वेळा दाबलं. दिवेच कमी होते.
डॉक्टर म्हणाला, कडेची नजर गेली ती गेली, उरलेली सांभाळा, आणि घोळका घेऊन जिने उतरणं बंद. पोरगेलासा आहे. मायमू येताना ट्राममध्ये एक शब्द बोलली नाही. आमच्याकडे कुणीच बोलत नाही ट्राममध्ये, पण हे वेगळं होतं.

१५ जुलै
जहाजाचा ग्रुप. निघताना पंचवीस, वर टेकडीवर पोचलो तेव्हा सोळा. उरलेले नऊ म्हणे पूर्ण वेळ माझ्या डाव्या हाताला उभे होते. मग बोलायचं ना!
ऑफिसातली केर्त म्हणाली, हेल्दुर, तू आम्हा सगळ्यांचा गुरू, तुझं बोट धरून शिकलो आम्ही, पण विम्यासाठी डोळ्यांचा दाखला लागेलच. म्हटलं, त्यात काय, देतो की. दाखला ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर लिहिलंय ते काही कामाचं नाही.

२ ऑगस्ट
पाच वर्षांपूर्वीचा दाखला दिला. केर्तने तारीख पाहिलीच नाही. आता सांगा, डोळे कुणाचे अधू?
मायमूला सांगितलं नाही. उगाच वाटाण्याचं सूप पिताना भांडण नको.

११ ऑगस्ट, सकाळी ८
काळा पाव, किलू मासा, कॉफी. झकास झोप. आज हॅम्बुर्गहून आलेल्या जहाजाचा ग्रुप. ठरलंय: टेकडीवरून खाली उतरताना 'आखूड तंगडी' नावाच्या गल्लीतला जिना घ्यायचा. बाकीचे गाइड गाडीरस्त्याने उतरतात. भित्रे लेकाचे.

११ ऑगस्ट, संध्याकाळी ६
महापालिकेने जिन्याच्या दोन पायऱ्या उपसून ठेवल्या आहेत. मला विचारलं नाही, कळवलं नाही. मी नेहमीसारखा उलटा उतरत होतो. उलट्या चालणाऱ्याला मागचं कसं दिसणार? कुणीही पडलं असतं.
मला फक्त कोपराला खरचटलं. ग्रुपमधल्या इंगेबोर्गबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. वय एकोणऐंशी. शाळेत शिकवायच्या.
जहाज त्यांना सोडून गेलं.

१३ ऑगस्ट
हॉस्पिटलात गेलो. मोजून पाच फुलं घेतली होती. नर्सने हातातून घेतली, थबकली, म्हणाली, आजोबा, सहा आहेत. आपल्याकडे सम फुलं मढ्यावर घालतात, ठाऊक आहे ना? एक काढून खिशात घातलं तिने. मला आजोबा म्हणाली!
इंगेबोर्गबाई जाग्या होत्या. मी महापालिकेचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला फार लागलं नाही ना? मला रडू आलं. थेंब घातलेले नव्हते.

२९ ऑगस्ट
केर्तला चौकशीसाठी लेखी जबाब हवा. तीनदा लिहिला. ओळीवर ओळ चढते. हल्ली कागदच वाईट येतो.
इंगेबोर्गबाई गेल्या. न्यूमोनिया. पडून राहिलं की होतो म्हणे. म्हणजे कारण न्यूमोनिया. जिना नव्हे.

३ सप्टेंबर
आजपासून मी सांगतो, मायमू लिहिते. जबाबही तीच लिहितेय. आधी ही वही तिने वाचली. सगळी. ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली नाही. चहा केला.
मी सांगितलं, लिही: मी उलटा उतरत होतो, त्यामुळे पायऱ्या काढल्याचं दिसलं नाही. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, मी जाऊन बघून आले. तिथे लाल-पांढरी फळी आहे, माझ्या छातीपर्यंत येते. उलटा असतास तर पाठीला लागली असती. कोपर पुढून कसं खरचटलं?
मी बाही कोपरावरून खाली ओढली.
मग म्हटलं, लिही. त्या दिवशी मी सरळ चालत होतो. बाईंना जिन्याची भीती वाटत होती, त्यांनी माझा हात धरला होता. मी समोरच बघत होतो, तरी फळी दिसली नाही.
मायमूने विचारलं, हे जबाबात लिहू, की नुसतं वहीत?
म्हटलं, दोन्हीकडे लिही.