पंखाचे पोट कोणी सपाट करू नये

मी, खाली सही करणारी, यंत्रांच्या कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसमधून निवृत्त झालेली, आराखड्यांच्या नकला उतरवणारी ट्रेसर, दिवंगत यजमानांची पत्नी आणि एका मुलाची आई, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या पेनाने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी गेल्यावर माझे धाकटे दीर सर्वांत आधी माझ्या डोक्याविषयीच शंका काढतील. त्यांना मी लग्न झाल्यापासून भाऊजी म्हणत आले, म्हणून इथेही तेच म्हणते. मला कोणीही भरीस घातलेले नाही. भाऊजींनी आणि माझ्या मुलाने तसा प्रयत्न पुष्कळ केला, त्याचे फळ त्यांनी या कागदात वाचावे.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा मी उगाच सौम्य होते.

कलम पहिले. राहते घर मुलाला द्यावे. ते त्याच्या वडिलांनी घेतले होते म्हणून देते, त्याच्या वागणुकीचे बक्षीस म्हणून नव्हे. बँकेतल्या ठेवी सुनेच्या, फक्त तिच्या एकटीच्या नावावर कराव्यात. त्यातले नवऱ्याला काही द्यायचे की नाही हे तिने सावकाश ठरवावे. मुलाने तोंड वाकडे केल्यास सुनेने त्याला हे कलम पुन्हा वाचून दाखवावे.

कलम दुसरे. मागच्या खोलीतले लांब टेबल, करवती, पॉलिश पेपर लावलेल्या पट्ट्या आणि उरलेले बाल्सा लाकूड हौशी वैमानिकांच्या क्लबाला द्यावे. आमची विमाने रिमोटवर उडणारी, खेळण्यातली, असे बाहेरचे लोक म्हणतात. खेळणे म्हणणाऱ्याने एकदा वळणावर टोक टाकणारे, म्हणजे पंखाचे एक टोक अचानक खाली सोडून देणारे विमान सावरून दाखवावे. क्लबाच्या सेक्रेटरींनी या देणगीबद्दल सभेत भाषण करू नये. त्यांची भाषणे मी जिवंतपणी ऐकली, तेवढी पुरेत.

कलम तिसरे. विमानाच्या पंखावर प्लास्टिकची पातळ, उष्णतेने आवळणारी फिल्म चिकटवायची छोटी इस्त्री भाऊजींना द्यावी. ती कशी वापरायची हे त्यांना आयुष्यात कळले नाही, आणि त्याची किंमत मी मोजली. ती कशी, हे पुढच्या कलमात येईल.

कलम चौथे. हे कलम पत्र्याच्या दोन साच्यांविषयी आहे. बाकीचे मृत्युपत्र वकिलांच्या समाधानासाठी आहे, असे समजले तरी चालेल.

पंख आडवा कापला तर जो आकार दिसतो, त्याला आमच्यात एअरफॉइल म्हणतात. विमान कसे उडणार, हे निम्म्याहून जास्त तिथेच ठरते. आमचे यजमान उडवण्यात पटाईत होते, त्यात वाद नाही. पण सुरुवातीला हे काय करायचे, तर खऱ्या विमानाचा एअरफॉइल पुस्तकातून उचलायचे आणि जसाच्या तसा लहान करायचे. मग विमान जरा हळू झाले की धोंड्यासारखे खाली यायचे. लहान पंखाभोवतीची हवा मोठ्या पंखासारखी वागत नाही, तिला जाड आकार झेपत नाही. तो आकार ऑफिसात मीच ट्रेस करून देत असे, आणि देता देता मला राहवेना. मी जाडी कमी केली, उंचवटा थोडा पुढे घेतला, खालची बाजू आत खोल घेतली. म्हणजे पंखाला पोकळ पोट दिले. विमान हवेत सोडून पाहिले, पुन्हा बदलले, पुन्हा सोडले. शेवटी इंजिन नसलेले आमचे विमान चालण्याच्या वेगाने तरंगू लागले आणि तरीही वळताना टोक टाकेना. त्या आकाराचे दोन साचे मी पत्र्यातून कापले, एक पंखाच्या बुडख्याचा, जिथे तो विमानाला जोडतात तिथला, आणि एक टोकाचा. त्यांच्यामध्ये बाल्साच्या चकत्या दाबून घासल्या की पंखाच्या सगळ्या फासळ्या अचूक उतरतात.

यजमानांनी त्यावर बक्षिसे मिळवली. त्यांना सगळे दादा म्हणायचे, म्हणून क्लबात त्या पंखाला "दादांचा पंख" म्हणू लागले. यजमानांनी कधी चूक दुरुस्त केली नाही. मी चहा घेऊन जायची तेव्हा हे माझ्याकडे बघून हसायचे. ते हसू मला तेव्हाही पुरले नाही, आता तर मुळीच पुरत नाही.

यजमान गेल्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ स्पर्धा भरली. फासळ्या मी घासून दिल्या होत्या. फिल्म लावायचे काम भाऊजींनी माझ्या हातून ओढून घेतले. विमानांच्या सामानाचे दुकान त्यांचे, तेव्हा ज्ञानही त्यांचेच. पोकळ पोटाच्या पंखाला फिल्म लावताना ती आधी खालून प्रत्येक फासळीला चिकटवावी लागते आणि मगच ताणावी लागते. भाऊजींनी फक्त कडांना चिकटवली आणि मध्ये गरम इस्त्री फिरवली. फिल्म आवळली, फासळ्यांपासून सुटली आणि ढोलकीसारखी ताठ झाली. पोट सपाट झाले. दिसायला पंख इतका गुळगुळीत की लोकांनी फोटो काढले. पहिल्याच वळणावर त्याने टोक टाकले आणि विमान सगळ्यांदेखत जमिनीत घुसले.

भाऊजी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "दादा गेला. आता वहिनींच्या आकारावर भरवसा ठेवला की हे असंच व्हायचं."

म्हणजे उडत होता तोवर दादांचा, पडला त्या क्षणी वहिनींचा. माझा मुलगा काकांच्या शेजारी मूग गिळून उभा होता. मी त्याला हे माफ केलेले नाही, आणि मरताना करेन अशी आशा कोणी ठेवू नये.

मोडक्या पंखाचा तुकडा उचलायला वाकला तो क्लबातला एक चष्मेवाला. जे मोडेल ते पट्टी लावून उडवतो म्हणून आम्ही सगळे त्याला चिकटपट्टी म्हणतो. हा माणूस मला सुरुवातीपासून डोळ्यांपुढे नको. खालून सपाट पंखच खरा, बाकी सगळी मिजास, असे त्याचे मत. माझा पंख दिवाणखान्यात टांगायला छान आहे, असे तो माझ्या तोंडावर म्हणालेला आहे. त्याने तुकड्याखालून बोट फिरवले आणि म्हणाला, "फिल्म एकाही फासळीला धरलेली नाही. हा बाईंचा पंखच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पोट तुम्ही जास्तच खोल घेता, हे माझं म्हणणं मात्र कायम आहे."

त्यानंतर आमचे पुन्हा कडाक्याचे भांडण झाले.

आता भाऊजींना दुकानात तयार पंख विकायचे आहेत. माझाच आकार, पण पोट सपाट केलेला, कारण तसे केले की फिल्म कोणालाही लावता येते. त्यावर नाव दादांचे. साचे घराण्याचे आहेत असे त्यांनी वकिलामार्फत कळवले आहे. मुलगा मला म्हणाला, "आई, देऊन टाक ना. तुला आता काय करायचंय त्या पत्र्यांचं?" मला काय करायचे आहे ते सांगते.

दोन्ही साचे चिकटपट्टीला द्यावेत. त्याच्यावर माझा लोभ जडलेला नाही. तो उद्धट आहे, त्याची बांधणी गचाळ आहे, आणि पोटाच्या खोलीबद्दल तो साफ चुकतो. पण सगळ्या क्लबात माझ्या पंखाबद्दल माझ्याशी भांडलेला तो एकटाच माणूस आहे. बाकीचे येऊन यजमानांशी बोलायचे आणि माझ्याकडे पाणी मागायचे.

अट अशी. त्याने या साच्यांवरून, पोटाची खोली केसभरही न बदलता, फिल्म प्रत्येक फासळीला चिकटवून, पट्टीचा एकही तुकडा न वापरता पंख करावा आणि क्लबाच्या मैदानावर भाऊजींसमोर उडवावा. पडला, तर बाईंची चूक होती असे त्याने खुशाल मोठ्याने सांगावे. तेही मला चालेल. दादांची होती असे मात्र कोणी म्हणता कामा नये. पंखावर माझे नाव लिहावे, इथे सही केली आहे तसे, आडनावाशिवाय. भाऊजी दुकानाचे नाव नेहमी पंखाच्या वरच्या बाजूला रंगवतात. तिथे लिहिले, तर विमान जमिनीवर असतानाच ते वाचता येते. माझे नाव पोटावर लिहावे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला आहे. तो मला कमीच कडक वाटला, तरी सही करते.

सही (फक्त नाव, आडनावाशिवाय) : मृत्युपत्र करणारी

या बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार पहिली : कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाची मालकीण
साक्षीदार दुसरे : वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर

ठिकाण : घराची मागची खोली, लांब टेबलाजवळ
दिनांक : शिक्क्यावर आहे तोच