माळ्यावरचं वायरिंग

४ ऑक्टोबर

गेले हे माळ्यावर! एका हाताने कंबर धरून शिडी चढले आणि वरून मलाच दम — "शिडी धर, तोंड आवर." लेक आता इथे राहून घरूनच काम करणार, म्हणून माळ्यावर तिची खोली. वायरिंग हेच करणार. जन्मभर लोकांची घरं उजळली, आता स्वतःच्या घरात परका वायरमन कशाला? मुद्दा बरोबर आहे. पण माझा जीव मुठीत. विजेला कुणाची ओळख नसते.

५ ऑक्टोबर

माळ्यावर ताठ उभं राहता येत नाही. हे वाशावर बसतात, दातांत स्क्रू धरून. मधली फळी कुजलीय म्हणून मी खालून ओरडले. "दिसतंय मला!" दिसतंय कसलं, वर अंधार गुडुप!

त्यातल्या त्यात बरं म्हणजे यांची जुनी शिस्त. आधी मेनचा फ्यूज काढायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. फ्यूज खिशात, म्हणजे खालून कुणी चुकूनही करंट सोडणार नाही. मी विचारते, "खिशात आहे ना?" हे वरून खिसा वाजवून दाखवतात. मग मी भाजी चिरायला मोकळी.

६ ऑक्टोबर

पाइप बसले. दिवसभरात एकदाही भांडण नाही. मला तर तीच काळजी.

८ ऑक्टोबर



यांनी खिसा वाजवला. मी निश्चिंत मनाने स्वयंपाकघरात आले — तर फ्रिज चालू! मेनपाशी धावले. फ्यूज जागेवर!! "अहो, हात लावू नका!" म्हणेपर्यंत वर धप्प आवाज झाला. मेन पाडला आणि शिडी कशी चढले, देवालाच ठाऊक. हे फळीवर आडवे, डोळे उघडे, बोटांची टोकं काळी. खिशात फ्यूज नाही, चष्म्याचं घर.

घरात आम्ही दोघंच. फ्यूज मी लावला नाही. "मीही नाही," म्हणे! चूक कबूल करतील तर शपथ. रागाने रडले मी. भीतीनेही.

९ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. यांचं एकच — "दोन होल्डर राहिलेत." ऐकतात कुणाचं! म्हटलं, करा. पण फ्यूज आता माझ्या कमरेला.

११ ऑक्टोबर

हे केस कापायला गेले, तेवढ्यात यांच्याबरोबर काम केलेल्या जुन्या वायरमनला बोलावून सगळं तपासून घेतलं. चोरून. लेक झोपणार तिथे! तो म्हणाला, "वहिनी, एकही जोड उघडा नाही. हात अजून तसाच आहे त्याचा." जीव भांड्यात पडला. उगाच घाबरत होते मी.

१२ ऑक्टोबर

लेक आली. माळ्यावरचे सगळे दिवे लावले. हे वाकून वाकून बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वायरिंग सुरेख झालंय गं. कुणाकडून करून घेतलंस?"