बंद घरांची मोजणी

मी, गोपिकाबाई मल्हारी बिडगर, वय एकोणसाठ, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला पुतण्या संपत दोनदा येऊन गेला; त्याला चहा पाजून परत पाठवले.

१. माझे राहते घर, समोरच्या गाळ्यासह, मी माझ्या पगारातून बांधले असून त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते मी कु. कडूबाई रामकिसन कोळेकर हिला देत आहे. ती माझ्या नात्यातली नाही. आधीची तीन भावंडे गेली, ही तरी जगावी म्हणून मेंढपाळ आईने तिचे नाव कडू ठेवले. आज ती सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन स्वतःचे संशोधन करते. बारावीपासून तिला मी तयार केले. संपत म्हणाला, "काकू, परक्या पोरीला घर? लोक काय म्हणतील?" लोकांनी खुशाल म्हणावे.

२. कारण लिहिणे भाग आहे. १९८१ साली शहरातून एक डॉक्टरसाहेब बालमृत्यूंची पाहणी करायला आले. दिवाळीनंतर आमची धनगर माणसे मेंढरांमागे बाहेर असतात. साहेबांच्या लोकांनी कुलपे पाहिली आणि "घर बंद" लिहून पुढे गेले. त्या घरातले मूल मेले तरी कोणाच्या मोजणीत येत नव्हते. मी रजा टाकून शहागडपुढे गोदाकाठचे मेंढरांचे वाडे, म्हणजे उघड्यावरचे मुक्काम, पायी पालथे घातले. त्रेचाळीस कुटुंबे सापडली, आणि त्या एका वर्षात गेलेली अकरा बाळे. साहेबांनी माझी यादी घेतली, पुस्तक छापले, मान मिळवला. पुस्तकात माझे नाव नाही; "स्थानिक मदतनिसांचे सहकार्य लाभले" एवढेच आहे. नोकरीच्या भीतीने मी गप्प बसले. त्याबद्दल मला साहेबांपेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

३. त्या पुस्तकाची माझ्याजवळची प्रत साहेबांना टपालाने परत करावी. त्यांचे नाव मी या कागदावर घेत नाही, बरोबरी झाली.

४. कडूबाईने दोन वर्षे फिरून त्याच वाड्यांची नव्याने मोजणी केली. लेख तयार आहे. गेल्या आठवड्यात त्याच साहेबांचे तिला पत्र आले: "लेखावर पहिले नाव माझे घाला, मग शिष्यवृत्तीची शिफारस देतो." शिफारशीवाचून तिचे पुढचे शिक्षण अडते. तिने विचारले, "बाई, काय करू?" मी उत्तर दिले नाही, हे लिहायला बसले. डोक्यावर छप्पर आणि हाताशी गाळ्याचे भाडे असले की माणूस नाही म्हणू शकतो. म्हणून माझ्या मरणाची वाट न पाहता तिने आजपासूनच इथे राहावे.

५. माझ्या एकतीस वर्षांच्या वह्या आणि बाळांचे वजन करायचा ताणकाटा तिलाच. तिच्याकडून अपेक्षा एकच: वाड्यातांड्यांवरचे जे कोणी आरोग्याचा अभ्यास करू पाहील, त्याला मागच्या खोलीत ठेवून घ्यावे आणि शिकवावे. "घर बंद" लिहिण्याआधी शेजारी विचारायला लावावे. आपण केलेल्या कामावर आपले नाव घालायला शिकवावे. इंग्रजी कच्चे म्हणून कोणाला हसू नये. मला हसले होते.

६. संपतला भांडी, पलंग आणि रेडिओ. रेडिओ वाजत नाही, हे त्याला माहीत आहे.

७. हे कलम मागाहून वाढवले आहे. वरील मजकूर आज दुपारी साक्षीदारांसमोर कडूबाईला वाचून दाखवला. त्यावर ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते: "बाई, मी सकाळीच अंबडच्या पोस्टात पत्र टाकून आल्ते. साहेबाला बिलकुल न्हाई म्हणून लिहिलं. तुम्हाला विचारलं तव्हा तुम्ही गप राह्यल्या. मला वाटलं, बाई ह्या बारीला बी भ्याल्या."

मी भ्याले नव्हते. हे न्यायालयात पुरावा म्हणून धरले जावो न जावो, कडूबाईने धरावे. घर तिचेच आहे. एक अक्षर बदलत नाही.

ठिकाण: वडीगोद्री
दिनांक: ११ मार्च २००३

सही: गोपिकाबाई मल्हारी बिडगर

वरील सही बाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली. आम्हीही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार: १. नंदाबाई अप्पाराव खरात, अंगणवाडी सेविका
२. देवानंद कारभारी गोरे, शिक्षक