गुळाची बिअर

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळी बेसमेंट आवरताना बिअरची वही हाताला लागली. नोव्हेंबरनंतर उघडलीच नव्हती. माझा मित्र सौमित्र वारल्यापासून मी बिअरच्या किटला हात लावलेला नाही. पुढची बॅच या बॅचपेक्षा बरी जमावी म्हणून प्रत्येक आकडा लिहायची माझी सवय. सौमित्र म्हणायचा, अनिल, तू बिअर करतोस की ऑडिट!

शेवटचं पान वाचलं आणि तिथेच जमिनीवर बसलो. पहिल्या दिवशी हायड्रोमीटर बुडवून घेतलेलं साखरेचं रीडिंग आहे. तिसऱ्या दिवशी लिहिलंय — गूळ, एकेक किलोच्या दोन ढेपा. त्यानंतर नवीन रीडिंग नाही. अल्कोहोलचे टक्के काढले ते पहिल्याच आकड्यावरून. बाटल्यांच्या लेबलवर लिहिले पाच.

गूळ धरलाच नाही!

९ फेब्रुवारी

ऑफिसात काही सुचलं नाही. गूळ म्हणजे साखर, साखरेचं होतं अल्कोहोल. सहा वर्षं घरी बिअर करतोय, मला हे कळत नाही? पण इंडियन स्टोअरमधून कोल्हापुरी गूळ आणला आणि आमटीत घालावा तसा घातला. चवीला! तो साखर म्हणून डोक्यात आलाच नाही. गाढव आहे मी, दुसरं काय.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी सौमित्र दुपारी आला, काही न खाता. मी मोठे ग्लास काढले. हलकीच आहे रे, घे बिनधास्त — हे माझे शब्द. त्याने दोन घेतले. दोनच, मीच ओतले होते. साडेपाचला निघाला, आणि आमच्या नोव्हाय गावातच, त्याच्या घरापासून दोन मैलांवर, गाडी झाडावर गेली. जागच्या जागी गेला.

१० फेब्रुवारी

सहा टक्के असेल. फार तर सात.

१४ फेब्रुवारी

आकडेमोड पाच वेळा केली. तरी मन मानेना, म्हणून तीच बॅच पुन्हा लावली, सगळं वहीबरहुकूम. यावेळी गूळ घालून झाल्यावर त्याची साखर हिशोबात धरायची.

सुनेत्रा खाली आली. इतक्या महिन्यांनी पातेलं कशाला काढलंस, म्हणाली. बायकोपासून काय लपवणार? सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, कुणाला बोलू नकोस. केस होईल, ग्रीन कार्डचं काय होईल, आणि सांगून तो परत येणार आहे का?

नाही येणार. पण त्याच्या बायकोचं, चारुताचं काय? जानेवारीत तिला डबा द्यायला गेलो होतो, तेव्हा म्हणाली, "नवरा फोनवर शेवटचं बोलला, तेही खोटं. दोनच घेतल्या म्हणाला. रक्ताच्या रिपोर्टमध्ये दारू किती आली, ऐकलंस ना?" मी मान हलवली! मला वाटलं, आधी कुठेतरी घेऊन आला असेल. तो खरं बोलला होता, हे जगात आता आम्हा दोघांनाच माहीत आहे.

१७ फेब्रुवारी

गूळ घातला. बादलीच्या झाकणातल्या नळीतून डुबुक डुबुक सुरू झालंय. किचनपर्यंत ऐकू येतं. सुनेत्रा म्हणते, काहीही ऐकू येत नाही. मला जेवताना येतं. मीटिंगमध्येसुद्धा आलं.

२२ फेब्रुवारी

बेसमेंटच्या पायऱ्या उतरताना सौमित्र दिसला. दिवसाढवळ्या! त्याच्या नेहमीच्या खुर्चीत तंगड्या पसरून. ओत यार, म्हणत होता. खुर्ची गॅरेजमध्ये नेऊन टाकली. तासाभराने परत आणली. टाकवेना.

१ मार्च

साडेनऊ टक्के.

घोटभर घेऊन बघितली. कडक आहे असं अजिबात वाटत नाही. गुळाने पातळ झालीय, सरबतासारखी उतरते. म्हणजे त्याच्या पोटात चार ग्लास गेले होते, आणि त्याने मोजले दोन. सगळी बादली सिंकमध्ये ओतली. मग तिथेच उभा राहून रडलो.

७ मार्च

उद्या चारुताकडे जाणार. सुनेत्रा रागावली आहे. आधी वकिलाला तरी विचार, एवढंच म्हणाली. विचारलं तर तो गप्प बस म्हणेल, आणि मी लगेच ऐकेन. मला मी चांगला माहीत आहे. माझं काय व्हायचं ते होवो. निदान ती त्याला खोटारडा म्हणणं तरी थांबवेल.

८ मार्च

सांगितलं. वही दाखवली. चारुताने ते पान दोनदा वाचलं. वही मिटली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "निघायच्या आधी त्याने गाडीतून फोन केला होता. गरगरतंय, घ्यायला ये म्हणाला. मी विचारलं, किती घेतल्यास? दोनच म्हणाला. मी म्हटलं, दोनाने काही होत नाही, ये चालवत. तो खोटं बोलला म्हणून मी गेले नाही — एवढंच धरून मी आजपर्यंत जगले, अनिल."