भाड्याच्या भिंतीवरची फळी

सोमवार, १५ सप्टेंबर

चि. ठकूस,

बाबांचे पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा ती जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम आहे. हे वाक्य तिला वाचून दाखवलेलं नाही. समोरच्या शिंप्याने माझ्याकडे फळी करून मागितली आहे. तुझ्याकडच्या फळीचं वर्णन मी त्याला इतक्या वेळा ऐकवलं, की बिचाऱ्याला सुटकेचा दुसरा मार्ग दिसला नसावा.

तू म्हणशील, फोन असताना बाबांना पत्राचं काय खूळ. फोनवर तू "मजेत आहे" म्हणतेस आणि मी मान डोलावतो, झालं आपलं बोलणं. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

तुझ्याकडे राहायला आलो होतो, त्याच दिवसांबद्दल लिहायचं आहे. घर छान, उजेड भरपूर, पण सामान अजून खोक्यांत. कपडे बॅगेत, गादी जमिनीवर, खिडकीला पडद्याच्या जागी जुनी चादर. मी म्हटलं, "काय गं, स्वतःच्याच घरात पाहुणी आहेस का?"

तू म्हणालीस, "बघू बाबा, ही फेरी जाऊ दे."

मला वाटलं, कसली तरी स्पर्धा असेल. मग तू समजावलंस. एवढी मोठी तुमची कंपनी, पण दर काही महिन्यांनी माणसं कमी करते, आणि त्याला तुम्ही फेरी म्हणता. एक टळली की दुसरीची वाट बघायची. कामाच्या टेबलावरसुद्धा कोणी एका पिशवीत मावेल त्याहून जास्त ठेवत नाही. जेवता जेवता तू फोन उघडून ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नावापुढचा हिरवा ठिपका बघायचीस; तो असला म्हणजे ती अजून कामावर आहे. ठिपका दिसला की घास घ्यायचीस.

आणि मी काय बोललो? "उंदीर येतील म्हणून कोणी घर बांधायचं सोडतं का?" उंटावर बसून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तू नुसती हसलीस. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी तू आणि जावईबापू कामावर गेल्यावर मी फळ्या आणल्या, शेजाऱ्याचं ड्रिल मागून आणलं आणि भिंतीला भोकं पाडली. सुतारकाम मला कोणी शिकवलं नाही, दुसऱ्याचे हात बघून बघून शिकलो. त्यामुळे एखादी गोष्ट सरळ बसली की मला स्वतःचंच भारी कौतुक वाटतं. तू दुपारीच परत आलीस. खांद्याला गच्च भरलेली पिशवी. "डोकं दुखत होतं," म्हणालीस. मी स्टुलावर उभा, अंगभर भुसा. तुला दारातच डोळे मिटायला लावले, हात धरून आत आणलं.

तू डोळे उघडलेस. फळीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "छान झालंय, बाबा."

मग तू खोकी फोडून एकेक पुस्तक पुसून लावत बसलीस. संध्याकाळ झाली तरी उठेनास. डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, "भुसा गेला असेल, पाणी मार." तू जाऊन पाणी मारून आलीस. वर मी तुला ऐकवलं, "बघ, आता कसं घर वाटतंय. उगाच भिऊन जगायचं नाही."

ठकू, परवा जावईबापूंचा फोन आला होता.

"बाबा, ती फळी उतरवायची झाली तर भिंत खराब होईल का हो?"

"का? झुकली का?"

"छे, अगदी सरळ आहे."

"मग पुस्तकांचं ओझं होतंय?"

"तसं नाही... घरमालकाला भिंत होती तशी लागते ना."

"घरमालक मध्येच कुठून आला?"

तुझ्या नवऱ्यात एकच खोट आहे, त्याला खोटं बोलता येत नाही. दोन वळणं घेतली आणि थेट खऱ्यावर येऊन धडकला. लहान घर बघताय. फेरी झाली. ज्या दुपारी तुझं डोकं दुखत होतं, त्याच दुपारी झाली. "तिला सांगू नका मी बोललो ते," असं म्हणत होता गरीब. त्याला रागावू नकोस. त्याच्या जागी मी असतो तर याच्या आधीच फुटलो असतो.

म्हणजे तू टेबलावरचं सगळं पिशवीत भरून घरी आलीस, आणि बापाने तुला डोळे मिटायला लावले. त्यावर तू म्हणालीस, छान झालंय.

मला वाईट कशाचं वाटतं सांगू? नोकरी गेली त्याचं तुझ्याइतकंच. पण त्या दिवशी एकाच खोलीत बसून तुला मला सांभाळावं लागलं, ते जास्त लागतं. काल तू फोनवर म्हणालीस, "ऑफिसात काम फार आहे," आणि मला ठाऊक असूनही मी म्हटलं, "जेवत जा वेळेवर." नाटकात आपण दोघं बरे शोभलो असतो.

फळीचं मनावर घेऊ नकोस. स्क्रू काढायला मीच येतो. भोकं बुजवून वर रंगाचा हात दिला की घरमालकाने भिंग लावलं तरी सापडणार नाहीत. लहान घरात काय ठोकायचं, काय नाही, ते तू सांगशील. काही ठोकू नका म्हणालीस तर हात बांधून बसेन. सल्ला एकही देणार नाही. थोडा त्रास होईल मला, पण जमेल.

तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही. बातमी तुझी आहे, तूच सांग. फक्त फार ताणू नकोस, ती माझ्या तोंडाकडे बघून अर्धं ओळखतेच. आणि पुढच्या फोनला मी "कशी आहेस?" विचारीन, तेव्हा "मजेत" सोडून काहीही म्हण. चिडलेय म्हण, कंटाळलेय म्हण, बाबा तुमचं तोंड बंद ठेवा म्हण. नाहीतर काहीच बोलू नकोस, मी थांबेन. रडू आलं तर येऊ दे, फोन तेवढा ठेवू नकोस.

तू सांगशील ते ऐकणारा, आणि न सांगशील तरी तुझाच,

बाबा